वेसणीवरचा हात

काकूंच्या केलरमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या तळघरातल्या त्यांच्या जाळीच्या कप्प्यात, मी या ऑक्टोबरात पुन्हा उतरले. सहा वर्षांनी. काका-काकू जर्मनीतलं र्युसेल्सहाइम सोडून कायमचे पुण्याला निघालेत आणि इतक्या वर्षांच्या सामानाचे तीन ढीग करायचे आहेत. न्यायचं, द्यायचं, टाकायचं. "तूच ये गं," काकू फोनवर म्हणाल्या, "तुझ्या हाताला उरक आहे. बाकीच्या येऊन नुसते फोटो काढत बसतील." मी गेले. काकूंनी बोलावलं आणि मी गेले नाही, असं या देशात कधी झालेलं नाही.

ओल्या सिमेंटचा वास, कोंब आलेल्या बटाट्यांचा वास, आणि त्याखाली कुठंतरी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या कापराचा. थर्मोकोलचं मखर बाजूला केलं तर मागं भिंतीला टेकून तो तक्ता उभा. पांढरा पुठ्ठा, कडा ओलीनं फुगलेल्या. वर निळ्या अक्षरांत, मराठीत आणि जर्मनमध्ये: "तळाची वाडी, इतिहास आणि थोर पुरुष". मध्ये मोठा काळापांढरा फोटो. पाच माणसं खुर्च्यांवर बसलेली, त्यांच्या शेजारी पांढराफेक खिलार बैल. बैलाच्या नाकातल्या वेसणीवर एक हात आहे. मनगटापर्यंतचा. मनगटाच्या पुढं माणूस नाही. तिथं पाच थोर पुरुषांची नावं आहेत.

त्या जागचा माणूस मी कापला होता. तो माझा आजा, माझ्या बापाचा बाप. हे मी सहा वर्षांत कुणाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही. आणि काकूंना तर नाहीच नाही, कारण फोटोतल्या मधल्या खुर्चीवर बसलेले तात्यासाहेब हे काकूंचे आजोबा.

तक्त्यावर लिहिलेला इतिहास असा: पूर्वी इथं नुसता माळ होता. दुष्काळात तात्यासाहेबांचे वडील खिलार जनावरं घेऊन आले, तळ ठोकला, पाणी लागलं, वस्ती झाली. मग गुरांचा बाजार सुरू झाला आणि पाच जिल्ह्यांतून बैल येऊ लागले. पहिलं धाब्याचं घर तात्यासाहेबांचं. पहिली शाळा भाऊगुरुजींची. मग गुरांचे वैद्य, मग पैलवान, मग पिठाची गिरणी काढणारे आण्णा. पाच खुर्च्या, पाच माणसं.

यातलं खोटं काही नाही. "पाणी लागलं" एवढंच तेवढं. पाणी आपलंआपण लागत नाही. आजाच्या बापानं आणि त्याच्या दोन भावांनी तो मुरूम फोडला होता. विहिरीला लागून गुरांना पाणी प्यायला जो दगडी हाळ होता, तोही त्यांनीच घडवलेला. त्या हाळात बैल तोंड घालायचे. आजा घालायचा नाही. विहीर खणणाऱ्यांची घरं बाजारतळाच्या खालच्या अंगाला, आणि आमच्या बायका हंडे घेऊन वरच्या अंगाकडं तोंड करून उभ्या, कुणीतरी वाढेल म्हणून. हे मी पाहिलेलं नाही. आजीनं सांगितलेलं आहे, तेही एकदाच, आणि भांडी घासता घासता.

मी पाहिलं ते वेगळं. मी पाहिला बाजार. रविवारी पहाटेपासून माळावर धुरळा उठायचा. घुंगरमाळा, चाबकाचे फटके, व्यापाऱ्यांची आरडाओरड, कडब्याच्या पेंढ्यांचा गोडसर वास, शेण, विडी, भज्यांचं तेल. खिलार बैल लांबून दिसायचे ते चुन्यानं पोतारल्यासारखे. जवळ गेलं की त्यांच्या कातडीखाली पाणी हलल्यासारखं काहीतरी हलायचं. असा बैल मी नंतर कुठं पाहिला नाही. इथं गाडीतून जातायेता खिडकीतून गाई दिसतात, गुबगुबीत, कानात पिवळे बिल्ले. त्या कुणाकडं मान वर करून बघत नाहीत.

आजाचं काम वेसण घालायचं. खोंड दोन-अडीच वर्षांचा झाला की त्याच्या नाकातला पडदा दाभणानं टोचून त्यातून दोरी ओवायची. सोपं दिसतं. खोंडाला चार माणसांनी धरलं तरी तो चौघांना घेऊन जातो. आजा एकटा जायचा. उजवा अंगठा नाकपुडीत, डावा हात शिंगाच्या मुळाशी, आणि तोंड कानाशी. काहीतरी पुटपुटायचा. खोंडाचे डोळे अर्धे मिटायचे आणि तेवढ्यात शिंगाजवळच्या हातातलं दाभण आरपार. रक्ताचा थेंब, त्यावर हळद आणि तिळाचं तेल. गाव म्हणायचं, धोंड्याला मंत्र येतो.

मी एकदा विचारलं, "आजा, काय सांगतूस त्येच्या कानात?"

"काय न्हाय गं. सकाळी काय खाल्लं ते सांगतो."

"आन काय खाल्लंस?"

"काय न्हाय खाल्लं म्हणून तर हळू सांगतो."

आणि खो खो हसायचा. दात नव्हते, नुसत्या हिरड्या. त्याच्या बोटांना कायम हळदीचा आणि तेलाचा वास यायचा. भाकरी त्यानं दिली तर भाकरीलाही.

बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा पोळा, जवळ आला की आमच्या दारात तागाचे ढीग पडायचे. बेंदराला बैलाचं सगळं नवं लागतं, म्होरकी नवी, कासरा नवा, वेसण नवी. आजा मांडीवर ताग वळायचा. मांडीची कातडी गुळगुळीत झाली होती, तिथं केस उगवायचेच नाहीत. गावातल्या सगळ्या बैलांच्या वेसणी आमच्या दारात वळल्या जायच्या आणि बेंदराच्या दिवशी ते बैल अंगाला हुरमुंजी लावून, शिंगांना हिंगूळ लावून, वाजतगाजत वेशीतून निघायचे. आम्ही खालच्या अंगाकडून बघायचो. आजा बैलांकडं बघायचा नाही, वेसणीकडं बघायचा. "आण्णाच्या बैलाची घट्ट बसलीया," म्हणायचा. "बोटभर ढील पायजे. वढायची नस्ती वेसण. बैलाला ठावं असतंय तू हायस म्हणून. तेवढंच पुरं."

एकच गोष्ट त्यानं सोडली. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर मेलेलं जनावर ओढायचं त्यानं बंद केलं. वरच्या अंगाची माणसं चिडली, वर्षभर त्याला कुणी खोंड दिला नाही. मग एका भाद्रपदात तात्यासाहेबांचाच खोंड माणसाला शिंग मारून बसला, आणि आजाला बोलावणं आलं.

त्याच खोंडाचा पुढं तो बैल झाला. फोटोतला. बाजाराच्या मोठ्या जत्रेत पहिला आला तेव्हा सोलापुरातून फोटोवाला आणला होता. पाच खुर्च्या मांडल्या. बैल काही उभा राहीना. चार गडी लटकले, खुर्च्या दोनदा उधळल्या. शेवटी आजाला हाक मारली. तो येऊन उभा राहिला, वेसणीला दोन बोटं लावली आणि बैल दगडाचा झाला. फोटोवाला म्हणाला, "तुम्ही जरा बाजूला व्हा." आजा हात सोडून बाजूला झाला की बैल हलायचा. दोनदा तसं झालं. तिसऱ्यांदा तात्यासाहेबच वैतागून म्हणाले, "राहू द्या त्याला, उन्हं चालली." म्हणून आजा फोटोत आला. बैलानं त्याला फोटोत आणला. हे आजा स्वतः सांगायचा, आणि दर वेळी त्या जागी हसायचा. मला तेव्हा कळायचं नाही की यात हसण्यासारखं काय आहे. आता कळतं, आणि हसू येत नाही.

पुढं ट्रॅक्टर आले. बाजार हमरस्त्याला गेला. आजाकडं वर्षाला चार खोंड यायचे, मग एक, मग कुणी नाही. तरी तो ताग वळत बसायचा. एका थंडीत सकाळी मांडीवर अर्धी वळलेली दोरी तशीच राहिली. माझी शाळा सातवीनंतर सुटली, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात. का सुटली ते आता उकरत नाही.

लग्न झालं तेव्हा आमचे हे आयटीआयला होते. मग डिप्लोमा, मग नोकरी करत डिग्री, मग पुण्याची कंपनी, मग इथला गाड्यांचा कारखाना. ते एकेक पायरी चढले, मी सातवीच राहिले. इथं उतरले तेव्हा मला जिची भीती नव्हती अशी एक गोष्ट नव्हती. दाराची बेल वाजली तर भीती, पत्रपेटीत पत्र आलं तर भीती. सरकारी पिवळ्या पाकिटातलं असलं तर रात्र जागून. कचरा चुकीच्या डब्यात गेला तर आपल्याला देशाबाहेर काढतील, असं मला पहिलं वर्षभर खरोखर वाटायचं.

मंडळाच्या पहिल्या हळदीकुंकवात काकू भेटल्या. सत्तरीच्या आतबाहेर, बॉबकट, खणाची साडी, पायांत जाड मोजे. "गाव कोणतं गं तुझं?" मी सांगितलं.

"तळाची वाडी? अगं, आमचीच की! मी सात वर्षांची होते तेव्हा आम्ही पुण्याला आलो, पण मूळचं तेच." माझे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले. "कुणाची तू?"

हा प्रश्न ज्यांना विचारला जातो त्यांनाच त्याचं वजन कळतं. मी बापाचं नुसतं नाव सांगितलं, आडनाव गिळलं. "बाजारतळाच्या खालच्या बाजूला राहायचो," मी म्हणाले.

"हो का," काकू म्हणाल्या, आणि माझ्या ताटलीत आणखी एक वडी ठेवली. मला वाटलं, निभावलं.

त्यानंतर काकूंनी माझ्यासाठी काय केलं नाही? आनमेल्डुंगला, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी करायला, त्या माझ्याबरोबर आल्या. पोरीला बालवाडीत जागा मिळावी म्हणून त्या कचेरीतल्या बाईशी भांडल्या. माझ्या पोटात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरचं बोलणं मला समजावून सांगायला त्या तीन वेळा माइन्झला आल्या, आणि गाठ साधी आहे असं डॉक्टर म्हणाला तेव्हा माझ्याआधी त्या रडल्या. शाळेच्या भटारखान्यातली माझी नोकरी त्यांच्याच शब्दावर. माझ्या आईनं केलं नसतं इतकं. हे मी इथं लिहितेय ते उपकार फेडायला नाही. हे खरं आहे म्हणून लिहितेय. पुढचंही खरं आहे म्हणूनच.

महाराष्ट्र दिनाला मंडळानं "आमचं गाव" असं प्रदर्शन ठरवलं. प्रत्येक घरानं एक तक्ता करायचा, सगळे तक्ते एका मापाचे. काकूंनी आमच्या गावाचा घेतला. गावच्या स्मरणिकेतला फोटो पुतण्याकडून मागवला, दुकानातून मोठा छापून आणला आणि मला बोलावलं. केलरमध्येच, या टेबलावर. मी फोटो उलगडला आणि आजा समोर उभा.

मी आजाचा फोटो कधी पाहिलाच नव्हता. आमच्याकडं नव्हता. त्याच्याबद्दल ऐकलेला फोटो होता, पाहिलेला नव्हता. तरुण आजा. तोंडात सगळे दात असतील अशी जिवणी. धोतर गुडघ्यावर. खुर्च्यांकडं नाही, फोटोवाल्याकडं नाही, बैलाकडं बघतोय.

"हा फोटो रुंद झाला गं," काकू म्हणाल्या. "नावं कुठं लिहायची? आल्झो, बरं, असं करू. हा उभा आहे ना, तो काढ. त्याच्या जागी नावं येतील बरोबर."

"बैलाचं काय?"

"बैल हवाच! बैलाशिवाय आपलं गाव कसलं? बैल ठेव, माणूस काढ."

मला बोलता आलं असतं. तोंडाशी आलं होतं. पण त्याच्या मागोमाग सगळं आलं. खालची बाजू आली, आडनाव आलं, मंडळातल्या बायका आल्या, ज्यांच्याकडं मी गौरीच्या जेवणाला पुरण घाटायला जाते. आणि समोर काकू, ज्यांनी परवाच माझ्या पोरीला हिवाळी बूट आणले होते. मी नखं कापायची बारीक कात्री घेतली. डोक्यापासून सुरुवात केली. मुंडासं, खांदा, कोपर. भटारखान्यात माझ्यासारखा कांदा कुणी चिरत नाही, इतका माझा हात स्थिर. त्या दिवशीही हलला नाही. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

वेसणीजवळ आल्यावर मात्र कात्री थांबली. आजाची बोटं बैलाच्या नाकाला अशी लागलेली, की हात काढायचा तर बैलाचं तोंड कापावं लागलं असतं.

काकू चष्मा वर करून वाकल्या. "राहू दे हात. कोण बघतंय!"

एकानं बघितलं. प्रदर्शनाच्या हॉलचा हाउसमाइस्टर, किल्ल्या आणि दिवे बघणारा म्हातारा. सगळे जण वडापावाच्या टेबलाभोवती असताना तो आमच्या तक्त्यासमोर कितीतरी वेळ उभा. मला म्हणाला की तो लहानपणी शेतावर वाढला, घरी बैल होते, महायुद्धानंतर नांगराला घोडे उरले नव्हते म्हणून. मग हातावर बोट ठेवून म्हणाला, "ही पकड बघा. ओढत नाहीये. असा बैल असा धरायला आयुष्य जातं. कोणाचा हात हा?"

मी तोंड उघडलं. मागून काकू हसत आल्या आणि जर्मनमध्ये म्हणाल्या, "आख, कुणीतरी गडी असेल!"

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी काकूंकडं पाहिलं आणि मान डोलावली. "हो," मी म्हणाले, "कुणीतरी गडी."

त्या वर्षी आमच्या तक्त्याला पहिलं बक्षीस मिळालं. काकूंनी स्टेजवर मला ओढून घेतलं आणि माइकवर सांगितलं, सगळी कापाकापी हिनं केली हं. टाळ्या झाल्या.

आणि आता हा तक्ता पुन्हा माझ्या हातात. वर रस्त्यावरून बस गेली तशी केलरच्या खिडकीची काच थरथरली. काकू स्टुलावर बसून स्टीलच्या वाट्या वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.

"तो टाकायच्यात ठेव," मान वर न करता म्हणाल्या.

मी ठेवला नाही. माझा आवाज मला अनोळखी वाटला, पण निघाला. "काकू, हा हात माझ्या आजाचा आहे."

काकूंचे हात थांबले नाहीत. एक वाटी गुंडाळून झाली. दुसरी घेतली. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"अगं, पहिल्या दिवसापासून. वाडीत घरं ती किती! धोंड्या ना? मला तो खांद्यावर बसवून बैल दाखवायला न्यायचा, आईची नजर चुकवून. आई मग आंघोळ घालायची मला." त्या किंचित हसल्या. त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं, लहानपण होतं.

"मग मलाच कापायला का दिलात?"

आता त्यांनी चष्मा काढला. खरंच गोंधळल्या होत्या. "तुझ्यासाठीच तर! लोकांनी विचारलं असतं, हा कोण, काय करायचा, तुझा कोण लागतो. मंडळातल्या बायका कशा आहेत तुला ठाऊक आहे. तू अवघडली असतीस. मी सांभाळून घेतलं तुला. नेहमीच घेतलं की नाही? सांग ना."

घेतलं. घेतलंच. पिवळी पाकिटं, डॉक्टर, बूट, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. सहा वर्षं आम्ही दोघी एकाच माणसाला झाकत होतो. मी भीतीनं, त्या मायेनं. त्यांना तो आठवत होता. त्याच्या खांद्याची उंची आठवत होती. तरी त्या म्हणाल्या होत्या, कुणीतरी गडी.

खोक्यांवर नावं घालायचा जाड काळा पेन टेबलावर होता. मी टोपण काढलं. तक्त्यावर कुठं रिकामी जागा नव्हती, काकूंच्या वळणदार अक्षरांनी सगळा भरला होता. मोकळं होतं ते फक्त बैलाचं पांढरं अंग. माझं अक्षर सातवीतलं, मोठं आणि तिरकं. एकेक अक्षर लिहिताना पेन पुठ्ठ्यावर करकरत होता. बैलाच्या खांद्यापासून शेपटीपर्यंत, आडवं, आडनावासकट: धोंडिबा सखाराम कांबळे.

काकू उठून जवळ आल्या. वाचलं. "आता कशाला गं?" त्यांचा आवाज दुखावलेला होता. "उद्या श्पेर्म्युलची गाडी येणार. फुटपाथवर ठेवायचा आणि कचऱ्यात जायचा."

"जाऊ दे, काकू," मी म्हणाले. "नावानिशी जाऊ दे."